जड क्लचचा इतिहास: गिरणीच्या पट्ट्यापासून मामांच्या गुडघ्यापर्यंत

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे गाळलेत. सगळे नाही गाळले, नाहीतर मीच बोलतोय हे कुणाला पटणार नाही.

आजचा विषय आहे क्लचचं पेडल. हो, तेच डाव्या पायाखालचं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी ऑटोमॅटिक स्कूटरशिवाय काही चालवलेलं नाही हे मला माहितीये, तरी थांबा. या पेडलमुळे आमच्या घरात एक गाडी विकायला निघाली होती.

गाडी माझ्या मामांची. मामा नाशिकचे, अंबडच्या एका कारखान्यात अख्खी नोकरी झाली, आता रिटायर. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी, इंग्लंडहून आलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार विकत घेतली. छोटं पेट्रोल इंजिन, छत उघडणारं, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. गाडीचं नाव सांगणार नाही, कारण यात दोष गाडीचा नव्हता आणि कॉमेंटमध्ये उगाच भांडणं नकोत. मामींनी तिचं नाव 'सवत' ठेवलंय, एवढं पुरे.

तर या वर्षी होळीनंतर मामा म्हणायला लागले की क्लच फार जड झालाय. कसाऱ्याच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकले, दोन तास फर्स्ट-न्यूट्रल, फर्स्ट-न्यूट्रल, आणि घरी आल्यावर डावा गुडघा सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, झीज आहे म्हणाले. झालं. मामी, माझी आई, माझा मामेभाऊ, सगळ्यांचं एकमत: वय झालं, गाडी विका. मामा काहीच बोलले नाहीत, आणि ते काही बोलत नाहीत तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

मी सुट्टीला नाशिकला आलो होतो. मला पहिला प्रश्न पडला तो साधा होता. पेडल जड झालंय की गुडघा? मी जाऊन बसलो, दाबलं. सत्तावीस वर्षांचा, बऱ्यापैकी सायकल चालवणारा माणूस आहे मी. पाचव्या वेळेला माझीही मांडी थरथरायला लागली. म्हणजे गुडघा एकटा दोषी नव्हता.

मग गॅरेज. कुठलं ते नको. तिथल्या मेकॅनिकनं पेडल दाबून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, स्पोर्ट्स कार आहे. क्लच जड असणारच."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. कारण मामा बारा वर्षं हीच गाडी चालवत होते आणि मागच्या दिवाळीपर्यंत त्यांची तक्रार नव्हती. 'असणारच' हे उत्तर 'आत्ताच का?' या प्रश्नाला कसं लागू पडेल? पण वाक्य खोटंही नाही. स्पोर्ट्स कारचे क्लच खरोखरच जड असायचे. का असायचे, आणि ते कधी बदललं, हे शोधायला बसलो आणि तीन रात्री गेल्या. त्या तीन रात्रींचा हा भाग.

सुरुवात पिठाच्या गिरणीपासून करू. जुनी, पट्ट्याची गिरणी बघितली असेल तर आठवा. मोटर सतत फिरत असते, वरून पट्टा येतो, आणि दळायचं नसेल तेव्हा गिरणीवाला दांड्यानं पट्टा बाजूच्या मोकळ्या पुलीवर सरकवतो. मोकळी पुली नुसती फिरते, जातं थांबतं. दळण टाकलं की पट्टा परत कामाच्या पुलीवर. हाच क्लच. कार्ल बेन्झनं 1886 मध्ये ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, तिच्यात जवळपास हीच युक्ती होती: पट्टा मोकळ्या पुलीवरून कामाच्या पुलीवर सरकवायचा, की गाडी निघाली. क्लचचं काम एवढंच आहे. इंजिन फिरत राहिलं पाहिजे आणि चाकं मात्र आपण म्हणू तेव्हाच फिरली पाहिजेत.

पट्टा छोट्या इंजिनाला पुरला. इंजिनं मोठी झाली तसा पट्टा घसरायला लागला. मग आला कोन क्लच. एक शंकूच्या आकाराचा भाग, त्यावर चामडं चढवलेलं, आणि तो फ्लायव्हीलच्या आतल्या तशाच खोलगट भागात स्प्रिंगनं दाबून बसवलेला. पेडल दाबलं की शंकू बाहेर. पेडल सोडलं की शंकू आत घट्ट. चामडं कोरडं झालं की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी बेडकासारखी उडी मारायची. चामड्यावर तेल उडालं की तो घसरायचा. यावरचे उपाय ऐका. पकड फार कडक झाली तर चामड्याला एरंडेलासारखं तेल पाजायचं. घसरायला लागला तर त्यावर मुलतानी माती भुरभुरायची. खरंच. आपण जी चेहऱ्याला लावतो ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ड्रायव्हरच्या पेटीत पान्यांबरोबर हे दोन्ही असायचं. मामींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हापासून गाडीचे लाड बायकोपेक्षा जास्त."

शंकूनंतर सपाट प्लेट आली, आणि आजही बहुतेक मॅन्युअल गाड्यांत तीच आहे. इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील, मध्ये क्लच प्लेट, मागून प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर मधल्या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. दोन तव्यांमध्ये पोळी धरल्यासारखं. तवे फिरले की पोळीही फिरणार. पेडल दाबणं म्हणजे स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून ते दोन तवे किंचित लांब करणं. मिलिमीटरभराचा खेळ असतो.

आता जडपणाचं मूळ इथे आहे. इंजिनाचा टॉर्क जितका मोठा तितकं प्लेटला जास्त दाबून धरावं लागतं, नाहीतर ती घसरते. जास्त दाबायचं म्हणजे स्प्रिंग जास्त ताकदीची. आणि स्प्रिंग जास्त ताकदीची म्हणजे तिच्याविरुद्ध ढकलणारा तुमचा पाय जास्त ताकदीचा हवा. प्लेट आकारानं मोठी करून सुटका होते, पण मोठी प्लेट जड असते, गिअर टाकताना लवकर थांबत नाही, आणि स्पोर्ट्स कारमध्ये तेवढी जागाही नसते. दोन प्लेटा टाकल्या तर घर्षणाचे पृष्ठभाग दुप्पट होतात आणि कमी जोरात काम भागतं, पण खर्च आणि गुंतागुंत वाढते. म्हणून कित्येक वर्षं सोपा मार्ग एकच होता: स्प्रिंगा कडक लावा आणि ड्रायव्हरला सहन करू द्या. जड क्लच म्हणजे मर्दानी गाडी, अशी एक समजूत त्यातून आली. गुडघे ज्यांचे त्यांनाच ठाऊक.

आणि आता ती गोष्ट, जी तुम्हाला माहीत असेल, पण क्लचच्या बाजूनं ऐकली नसेल. इटलीतल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनीचा मूळ धंदा ट्रॅक्टरचा. पैसे आले, फेरारी घेतली, 250 जीटी. तिचा क्लच सारखा त्रास द्यायचा. शेवटी त्यानं आपल्याच ट्रॅक्टरच्या मेकॅनिककडून ती उघडून घेतली तेव्हा लक्षात आलं की आतला क्लच त्याच्या ट्रॅक्टरमध्ये बसवतात तसल्याच जातीचा आहे. तो एन्झो फेरारीकडे तक्रार घेऊन गेला, एन्झोनं त्याला ट्रॅक्टरवाला म्हणून उडवून लावलं, आणि चिडून त्यानं 1963 मध्ये स्वतःची स्पोर्ट्स कार कंपनी काढली. ही कथा खुद्द फेरुच्चोनं सांगितलेली, त्यामुळे तिच्यात मीठमसाला किती हे त्याचं त्यालाच माहीत. पण कंपनीचं वर्ष खरं, ट्रॅक्टर खरे, आणि 1964 मध्ये आलेली 350 जीटी ही पहिली विक्रीची गाडीही खरी.

मला यात गंमत वेगळीच वाटते. आपल्या दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराला ट्रॅक्टरचा क्लच काय असतो हे विचारा. त्याला फेरारीच्या मालकाचं दुःख एका मिनिटात कळेल. आणि नंतर गंमत अशी झाली की लॅम्बोर्गिनीची स्वतःची काऊंटाक ही गाडी जगातल्या सगळ्यात जड क्लचवाल्या गाड्यांपैकी एक म्हणून प्रसिद्ध झाली. मोठं बारा सिलिंडरचं इंजिन. फिजिक्सपुढे राग चालत नाही.

या सगळ्यावरचं मोठं उत्तर एका थाळीच्या आकारात आलं. डायाफ्राम स्प्रिंग. आधी प्रेशर प्लेटच्या मागे गोल कडेनं छोट्या छोट्या कॉइल स्प्रिंगा असायच्या. त्या जितक्या दाबाल तितक्या जास्त विरोध करतात, म्हणजे पेडल तळाशी नेताना सगळ्यात जड. डायाफ्राम ही एकच खोलगट पोलादी थाळी, आतल्या बाजूला पाकळ्या कापलेली. खोलगट थाळीचा स्वभाव वेगळा. पत्र्याच्या डब्याचं किंचित फुगीर झाकण अंगठ्यानं दाबून बघा. आधी विरोध करतं, मग एका ठिकाणी हार मानतं आणि 'टक' करून आत जातं. डायाफ्राम इतका एकदम हार मानत नाही, पण अर्ध्या वाटेनंतर त्याचा विरोध खरोखर कमी होतो. अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1930 च्या दशकातच हे गाड्यांत आणलं होतं. युरोपात 1960 च्या दशकात ते जोरात पसरलं. जर्मनीत 1965 साली सुरू झालेली लूक ही कंपनी याच थाळीवर मोठी झाली. आज तुमच्या बाबांच्या हॅचबॅकमध्येही हीच थाळी आहे.

म्हणजे 'स्पोर्ट्स कार आहे, जड असणारच' हे वाक्य मुळात कॉइल स्प्रिंगांच्या आणि बारा सिलिंडरच्या काळातलं आहे. ते आजही गॅरेजमध्ये फिरतंय, कारण वाक्यांना एक्स्पायरी डेट नसते.

आपल्याकडच्याच गाड्या घ्या. 1990 च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म बनायला लागली. फायबरची बॉडी, दोन सीट, छत उघडं. दिसायला पक्की स्पोर्ट्स कार. पण इंजिन रेनॉचं 1149 सीसी, साधारण 60 हॉर्सपॉवर. क्लचला बॉडी दिसत नाही हो, त्याला फक्त टॉर्क कळतो. 60 हॉर्सपॉवरच्या गाडीत पेडल ट्रकसारखं लागत असेल तर त्याचं कारण गाडीच्या रुबाबात शोधून सापडणार नाही. मग 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची डीसी अवंती आली. तिथे प्रकरण खरंच वेगळं होतं: सीटच्या मागे रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन, 250 च्या आसपास हॉर्सपॉवर, सहा गिअर आणि मॅन्युअल. टर्बोचा टॉर्क एकदम येतो, त्यामुळे अशा गाडीत क्लच मजबूत लागतोच.

आणि नाशिककरांनो, रेनॉचं नाव आलंच आहे तर आपलं गाव कसं विसरू. 2007 मध्ये महिंद्रा-रेनॉची लोगान इथेच, आपल्या महिंद्राच्या कारखान्यात बनायला लागली. टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवलेली साधी सरळ गाडी. स्पोर्ट्स कारशी काही संबंध नाही, पण माझ्या मामेभावाचं ड्रायव्हिंग तिच्यावर झालं म्हणून उल्लेख.

आता परत गॅरेजमध्ये. मी मेकॅनिकला म्हटलं, आधी हलका होता, आता जड झालाय. तेव्हा त्यानं दुसरं निदान काढलं, आणि हे मात्र अभ्यासाचं होतं. "मग क्लच प्लेट संपलीये."

प्लेट झिजली तर क्लच सैल पडून हलका व्हायला पाहिजे असं आपल्याला वाटतं. होतं उलटं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट इंजिनाच्या बाजूला थोडी पुढे सरकते, थाळीचा बसण्याचा कोन बदलतो, पाकळ्या उलट्या बाजूला उचलल्या जातात आणि त्या दाबायला जास्त जोर लागतो. झिजत चाललेला क्लच वर्षागणिक जड होत जातो. ही अडचण इतकी नेहमीची, की 1990 च्या दशकात झीज आपोआप भरून काढणारे क्लच बाजारात आले. तेव्हा मेकॅनिकचा अंदाज चुकीचा म्हणता येणार नव्हता. शिवाय त्यानं एक टेस्टही केली. क्लचची केबल गिअरबॉक्सच्या टोकाला सोडली आणि पेडल दाबायला लावलं. एकदम हलकं, लोण्यासारखं. "बघा, केबल मोकळी आहे. म्हणजे दोष आत. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." पार्ट बाहेरून मागवायचे, सगळे मिळून 38 हजार. मामांनी मान हलवली. मला दिसलं की त्यांच्या मनात गाडी विकून झाली होती.

ही टेस्ट चुकीची होती. पण ती का चुकीची, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्यासाठी केबलच्या इतिहासात जावं लागलं.

सायकलच्या ब्रेकला जी तार असते, बाहेर कवच आणि आत सरकणारी पोलादी तार, तिला बाउडन केबल म्हणतात. अर्नेस्ट बाउडन या आयरिश माणसानं 1896 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याआधी एका ठिकाणचा जोर दुसऱ्या ठिकाणी न्यायला दांडे, कोपरे, पिना लागायच्या. केबलनं जोर वळणावरून नेता यायला लागला. सायकल, मोटरसायकल, मग कार. स्वस्त, हलकी. पण वळण फुकट मिळत नाही. बैलाचं दावं खुंटीला नुसते दोन-तीन वेढे देऊन धरलं तरी बैल ते ओढून काढू शकत नाही, बरोबर? वेढ्यावेढ्याला घर्षण वाढत जातं. याचं गणित लिओनार्ड ऑयलरनं अठराव्या शतकातच मांडलं होतं. आणि त्या गणितातली खोच अशी, की घर्षण ताणात मिळवलं जात नाही. ताण एका आकड्यानं गुणला जातो. केबल चांगली असेल, घर्षणाचा गुणांक 0.1 आणि सगळी वळणं मिळून 90 अंश, तर 100 किलोच्या जागी 117 लागतात. घर्षण 0.15 झालं आणि वळण 180 अंश, की 160.

आता मेकॅनिकची टेस्ट आठवा. त्यानं केबलचं टोक सोडलं. म्हणजे केबलवर ताण शून्य. शून्याला 1.17 नं गुणा नाहीतर 1.6 नं गुणा, उत्तर शून्यच. ताणच नसेल तर खराब केबलही लोण्यासारखीच लागणार! आम्ही कोडवाले याला म्हणतो लोड न देता टेस्ट पास करणं. सर्व्हर रिकामा असताना सगळं छान चालतं, आणि सेल सुरू झाला की झोपतो. मला हे गॅरेजमध्ये तिथल्या तिथे सुचलं असतं तर मजा आली असती. सुचलं रात्री दीड वाजता.

खरा धागा मात्र मामांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं दिला. रिटायर्ड फिटर, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. संध्याकाळी चहाला आले होते. ते गाडीत बसले, पेडल एकदा दाबलं, आणि हळूहळू सोडलं. परत दाबलं, परत हळूहळू सोडलं. मग म्हणाले, "दाबताना एवढा जड, आणि सोडताना पायाला लोटत कसा नाही रे?"

मी जागच्या जागी गार. स्प्रिंग जड झाली असेल तर ती दाबताना जितकी अडवते जवळपास तितक्याच जोरानं परत येताना पाय मागे ढकलते. घर्षणाचं तसं नसतं. घर्षण दोन्ही वेळेला विरोधच करतं. जाताना तुमच्या विरुद्ध, येताना स्प्रिंगच्या विरुद्ध. म्हणून जाताना जड आणि येताना सुस्त. मामा दोन महिने हेच सांगत होते की पेडल 'मेल्यासारखं' वर येतं. आम्ही सगळे गुडघ्याकडे बघत होतो.

मग आम्ही मोजलं. आमचं मोजमाप शास्त्रशुद्ध वगैरे नव्हतं, हसू नका. मामेभावाची क्रिकेटची स्टंप, तिचं एक टोक पेडलवर, दुसरं टोक मामींच्या बाथरूममधल्या जुन्या वजनकाट्यावर. मी दारातून वाकून काटा हातानं ढकलायचा आणि मामेभावानं फोनवर व्हिडिओ काढायचा. अर्ध्या वाटेवर, आत जाताना 22 किलो. त्याच जागी, सोडताना 9 किलो. एकाच जागी, एकाच स्प्रिंगवर, एवढा फरक! दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की घर्षण छाटून जातं आणि स्प्रिंगचा खरा जोर उरतो: 14 किलो. म्हणजे 14 चा क्लच मामांच्या गुडघ्यापर्यंत येताना 22 चा होत होता, आणि मधली जवळपास सगळी वाढ केबलची. जवळपास म्हणतोय, कारण रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती कोरडी पडली, किंवा क्लच फोर्कचा टेकू झिजला, तरी असंच होतं. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी केबल काढून बघणं अर्ध्या तासाचं काम आहे.

ज्यांच्या गाडीत केबल नाही, हायड्रॉलिक क्लच आहे, त्यांनाही हीच युक्ती चालते. दाबताना जड आणि येताना जोरदार असेल तर प्रेशर प्लेट किंवा प्लेट बघा. येताना सुस्त असेल तर रबरी पाइप आतून फुगून बंद झालाय का, सिलिंडर अडकतोय का, बेअरिंग कोरडं आहे का, ते बघा. आणि जुन्या गाडीचा क्लच उघडलाच तर आतली काळी धूळ फुंकू नका, जुन्या प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.

आता उरला प्रश्न, 'आत्ताच का?' आमच्या धंद्यात बग सापडला की पहिलं काम असतं शेवटचं चांगलं व्हर्जन शोधणं. ते आणि हे, यांच्या मध्ये काय बदललं? मी डॅशबोर्डच्या कप्प्यातली बिलं काढली. दिवाळीनंतर एकच मोठं काम झालेलं: सायलेन्सर आणि त्याचा पुढचा पाइप बदलला होता, वेगळ्याच गॅरेजमध्ये. मग मामांच्या फोनमधले फोटो. मामा गाडीचे फोटो काढतात तितके नातवाचे काढत नाहीत, हे पहिल्यांदा उपयोगी पडलं. मागच्या गणपतीतला बॉनेट उघडा असलेला एक फोटो सापडला. त्यात क्लचची केबल एका मोठ्या, आळसावलेल्या कमानीत चाललेली. आम्ही बॉनेट उघडलं. केबल बॅटरीच्या ट्रेखालून खाली घुसवलेली, दोन ठिकाणी तीव्र वळण, आणि खालच्या वळणावर नव्या पाइपपासून दोन बोटांवर. पाइप बसवताना आड आली असणार, कुणीतरी बाजूला सारली आणि तशीच राहिली. एका माणसाची दहा सेकंदांची सोय.

केबल काढली. खालच्या वळणावर कवच चपटं आणि चकचकीत झालेलं. कापून उघडलं तर आतली प्लॅस्टिकची नळी, जी तारेला सरकायला मदत करते, ती वितळून तारेला चिकटलेली. तारेचे चार-पाच धागे तुटलेले. अजून थोडे दिवस असेच गेले असते तर ती घाटातच तुटली असती, आणि कसाऱ्याला क्लचशिवाय उतारावर काय करायचं याचा वेगळा एपिसोड करावा लागला असता.

नवी केबल त्या गाडीची मिळाली नाही. काकांनी ओळखीच्या कारागिराकडून मापानं करून आणली. बाराशे रुपये. फोटो समोर ठेवून जुन्या कमानीत बसवली, पाइपच्या बाजूला पत्र्याची ढाल लावली. परत स्टंप, परत वजनकाटा. जाताना 16, येताना 12. गुणाकार करून वर्गमूळ: 14 ला एक केस कमी. स्प्रिंग होती तिथेच होती.

आणि इथे मला त्या मेकॅनिकला थोडं श्रेय द्यावं लागेल. एवढ्या छोट्या इंजिनाला 14 किलो जास्तच आहेत. काकांचं म्हणणं, प्लेट खरंच झिजत आलीये, वर्ष-दीड वर्षात गिअरबॉक्स उतरवावा लागेलच. म्हणजे त्यानं सांगितलेला रोग होता. पण त्याचे 38 हजार देऊन नवी प्लेट टाकली असती तर पाकळ्या थोड्या हलक्या झाल्या असत्या, केबल तशीच चिकटलेली राहिली असती, आणि मामांचा गुडघा परत सुजला असता. मग कुणीच गाडीला दोष दिला नसता. सगळे म्हणाले असते, बघा, नवा क्लच टाकूनही जमत नाही, वयच झालं.

एक गोष्ट राहिली. या जड पेडलवर जगानं शेवटी जे उत्तर काढलं ते म्हणजे पेडलच काढून टाकणं. 1989 मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनमध्ये स्टीअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलणारी गाडी आणली, जॉन बर्नार्डची. नायजेल मॅन्सेल पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, ती घेऊन जिंकला. त्या गाडीत क्लचचं पेडल फक्त निघताना लागायचं. 1997 मध्ये हे तंत्र एफ355 मधून रस्त्यावर आलं आणि 2009 च्या 458 पासून तर त्या मॉडेलमध्ये क्लचचं पेडल विकतही मिळेना. आपल्याकडे टाटांनी 2017 ला जिनिव्हात रेसमो दाखवली, पुणे आणि तुरिनच्या टीमची, 1.2 लिटर टर्बो, 190 पीएस, आणि गिअरबॉक्स एएमटी. एएमटीत क्लच असतो, पण तो दाबायला मोटर असते. ती गाडी बाजारात आलीच नाही. 2019 ला त्याच जिनिव्हात बॅटिस्टा आली, महिंद्राच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफरिनाची, 1900 हॉर्सपॉवर, पूर्ण इलेक्ट्रिक. तिच्यात क्लचच नाही. मी मामांना तिचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "मग डावा पाय काय करतो?"

गाडी विकायचं सध्या कुणी काढत नाही. गुडघ्याची झीज खरी आहे, फिजिओ चालू आहे, आणि डॉक्टरांनी घाटातलं ट्रॅफिक टाळायला सांगितलंय. म्हणून मामा आता पहाटे साडेपाचला निघतात, त्र्यंबक रोडनं, अंजनेरीपर्यंत जाऊन परत. मागच्या रविवारी मामीही गेल्या, छत उघडून. वितळलेल्या केबलचा एक वीतभर तुकडा मी पुण्याला आणलाय, माझ्या मॉनिटरखाली ठेवलाय. एका टोकाला धरून ओढलं तर अगदी अलगद सरकतो. दुसऱ्या टोकाला कुणीतरी ओढून धरलं की मग सांगा.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गाडीचं पेडल येताना कसं येतं, ते आज घरी जाताना बघा आणि व्हॉइस नोट पाठवा.